कबुली आणि ऐकणारे

नववीच्या वर्गाला मी लक्ष्मीबाई टिळकांविषयी सांगत होतो. पाठ्यपुस्तक मिटून ठेवायचे आणि ‘स्मृतिचित्रे’तल्या गोष्टी आपल्या शब्दांत सांगायच्या, ही माझी जुनी खोड. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने नानांच्या डोक्यात सोवळे शिरले ते कायमचे. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाही! मीठ धुतल्यावर उरते काय, हे मी फळ्यापाशी उभा राहून हातवारे करून दाखवले. मुले बाकांवर लोळायला लागली.

मग मी पुढची गोष्ट रंगात आणली. नवरा ख्रिस्ती झाला. बाई पुढे त्याच्याकडे राहायला गेल्या खऱ्या, पण चूल वेगळी, पाणी आपल्या हाताने भरलेले, कोणाचा स्पर्श म्हणून होऊ द्यायचा नाही. हशा चालूच होता. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, ज्यांच्या हातचं पाणी त्या घेत नव्हत्या, ती माणसं पण हसली असतील का?”

घंटा झाली आणि मी सुटलो. अर्थात त्या दिवसापुरता.

या अंकासाठी मी खरे तर पन्हाळ्यावर लिहायला घेतले होते. ते कागद बाजूला ठेवले. वाचकांच्या हाती चकली असताना हा विषय काढणे बरे नव्हे, असे घरच्यांचे मत पडले. पण चकलीही कोणी तरी केलेली असते आणि कोणाच्या तरी हातची असते. एकेकाळी तेवढ्यावरूनच पंचायती बसत.

पुण्याच्या चहाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनात एक सभा झाली. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव हे त्या कारस्थानाचे सूत्रधार. सभेनंतर मिशनच्या मंडळींनी चहा दिला. कोणी तो प्याले, कोणी कप नुसता हातात धरला. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गहजब उडाला. न्यायमूर्ती रानडे त्यात होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली घेतले. सुधारक म्हणाले, हे काय केलेत? सनातनी म्हणाले, एवढ्याने काय होते? बिचाऱ्या रानड्यांना दोन्हीकडून बोलणी बसली.

या हकिकतीत मला एकच गोष्ट डाचते. प्रायश्चित्त मागितले गेले ते चहा घेतल्याबद्दल. पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या माणसाच्या हातचे पाणी घेतले नाही, त्याला आपल्या विहिरीवर चढू दिले नाही, याबद्दल कोणाला कोणी प्रायश्चित्त सांगितले नाही. त्यासाठी पोथीत पानच नव्हते.

आमच्या कोल्हापुरात चहाला निराळे वळण लागले. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे मोतद्दार होते. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदातले पाणी घेतले म्हणून इतर नोकरांनी त्यांना गुरासारखे मारले. महाराज तेव्हा दिल्लीला होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना चाबकाने फोडून काढले, आणि गंगारामांना स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी पैसे दिले. त्यांतून भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल निघाले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. हे कानावर येताच महाराज आपली गाडी त्या दारात थांबवू लागले. गंगारामांच्या हातचा चहा स्वतः घ्यायचा आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावायचा.

मी नेहमी त्या मानकऱ्यांच्या चेहऱ्यांचा विचार करतो. कादंबरीकाराची वाईट सवय म्हणा. समोर छत्रपती, हातात गंगारामांचा कप. घोट घशाखाली उतरला. पण मनातले काय झाले? चाबूक आणि हुकूम यांनी कप ओठांना लागतो. १९१९ साली महाराजांनी विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा सगळ्यांना खुल्या करण्याचे हुकूम काढले, त्यांनी वाटा मोकळ्या झाल्या. ‘माझे चुकले’ हे शब्द मात्र हुकमाने निघत नाहीत. महाराज १९२२ साली गेले. त्यांचे पहिले स्मारक १९२५ साली नर्सरी बागेत उभे राहिले, ते कोणा सरदाराने नव्हे, गंगाराम कांबळ्यांनी पुढाकार घेऊन उभारले. आज बिंदू चौकात भाई माधवराव बागलांनी ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले फुले-आंबेडकरांचे पुतळे आहेत. आंबेडकर तेव्हा हयात होते. त्या चौकातून जाताना पाहुण्यांना मी आवर्जून हे सांगतो. त्यात गावाचा थोडा गर्व असतो, तो कबूल करतो.

पुन्हा लक्ष्मीबाईंकडे वळू, कारण आपला हिशेब त्यांच्याशीच आहे. १८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला जन्म, अकराव्या वर्षी लग्न. नवरा नारायण वामन टिळक. कवी, उदार, लहरी, घरात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारा. १० फेब्रुवारी १८९५ ला तो मुंबईस ख्रिस्ती झाला आणि बाईंचा संसार एका दिवसात मोडला. कित्येक वर्षे ताटातूट, पदरी लहान मुलगा. पुढे त्या अहमदनगरला पतीजवळ आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. आणि मग एका रात्री, झोप येत नव्हती म्हणून विचार करीत पडल्या असताना, जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. कोणाचे व्याख्यान नाही, ग्रंथ नाही. दुसऱ्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण जात सुटली ती त्याआधी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. धर्म बदलला म्हणून सोवळे गेले असे त्या म्हणत नाहीत.

हे सगळे त्यांनी साठी ओलांडल्यावर लिहिले. ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ ते १९३७ मध्ये आले, शेवटचा त्या १९३६ साली गेल्यावर. साऱ्या महाराष्ट्राने पुस्तक डोक्यावर घेतले. इंग्रजीत भाषांतरे झाली, विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला. आपल्या सोवळ्याची इतकी उघडी कबुली देणाऱ्या बाईवर वाचक रागावला नाही, उलट तिच्या प्रेमात पडला. लक्ष्मीबाई क्षमा मागत नाहीत आणि शाबासकीही मागत नाहीत. मी अशी होते, एवढेच सांगतात आणि स्वतःला हसतात. असा माणूस खोटा असू शकत नाही, हे वाचकाला पहिल्या पानावर कळते.

पण त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी तारखा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सोबती उन्हापावसात वर्षानुवर्षे त्या दाराशी उभे राहिले. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले. म्हणजे पुण्यामुंबईचा वाचक धुतलेल्या मिठाला पोट धरून हसत होता, तेव्हा जलालपूरपासून हाकेच्या अंतरावर, नाशकात, तेच सोवळे कुलूप लावून बसले होते. ते हसू खोटे नव्हते. स्वस्त मात्र होते. आपल्या घरची चूल तशीच ठेवून नानांच्या मिठाला हसता येत होते.

पलीकडच्या बाजूची पुस्तके यायला बराच काळ जावा लागला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्यानंतरची, १९८६ च्या सुमाराची. तोपर्यंत वरून ओतलेल्या पाण्याची गोष्ट ओतणाऱ्यानेच सांगितली, आणि ऐकणारेही बहुतेक ओतणारेच.

परदेशातही हेच चालते, फक्त वेग अधिक. फेब्रुवारी २०१९ मध्ये लिआम नीसन या प्रसिद्ध नटाने लंडनच्या एका वर्तमानपत्राला मुलाखत देताना चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. जवळच्या मैत्रिणीवर अत्याचार झाला, करणारा काळा होता असे कळले, तेव्हा आपण सोटा घेऊन रस्त्यांवर हिंडलो. कोणी तरी काळा माणूस अंगावर यावा आणि त्याला ठार करावे, अशी इच्छा होती. आज त्याची लाज वाटते. न्यूयॉर्कला त्याच्या नव्या चित्रपटाचा स्वागतसोहळा रद्द झाला. जमैकात जन्मलेले जुने फुटबॉलपटू जॉन बार्न्स मात्र म्हणाले की, हा माणूस लाज वाटल्याचे सांगतो आहे, तेवढे श्रेय त्याला द्या. पावणेदोन-दोन महिन्यांनी नीसनने रीतसर माफी मागितली. कोण बरोबर, हे ठरवण्याइतका मी त्या देशांना ओळखत नाही. बार्न्स यांचे बोलणे मला मोठे वाटले, ते अशासाठी की श्रेय देण्याचा हक्क कोणाचा असेल तर त्यांच्यासारख्यांचा.

आता माझे सांगतो. आमचे घर पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यात. गोठ्यामागच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेला एक कप असे. सुगीला कामाला येणाऱ्या गड्याचा तो कप. चहा ओतण्याचे काम माझ्याकडे. सात-आठ वर्षांचा होतो. कप त्याने धरायचा आणि मी किटली उंच धरून ओतायचे. एकदा चहा त्याच्या हातावर सांडला. तो हसला आणि मीही हसलो.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातल्या व्याख्यानात मी ही गोष्ट सांगितली. आवाज थोडा भरून आला. टाळ्या पडल्या. केवढा प्रामाणिकपणा, असे अध्यक्ष म्हणाले. मला बरे वाटले. चांगलेच बरे वाटले.

बाहेर चपला शोधत असताना एक गृहस्थ जवळ आले. त्या गड्याचे थोरले चिरंजीव. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. “गुरुजी, आमचा बा सांगायचा ते,” ते म्हणाले. “चा गोड असायचा तुमच्यात. कपात मुंग्या असायच्या, तेवढ्या आधी झटकायला लागायच्या.” नमस्कार करून ते गेले.

मुंग्या मला ठाऊकच नव्हत्या. मी कधी त्या कपात वाकून पाहिले नव्हते.

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली, मुंग्यांसकट. कोणी हसले नाही. त्या मुलीने विचारले, “सर, तो कप आता कुठं आहे?”

आजी गेल्यावर भांडी वाटली गेली, त्यात तो कुठे फुटला, कोणी पाहिले नाही, असे मी सांगितले. कोनाडा आहे अजून. गोठा पाडला, पण ती भिंत राहिली. दिवाळीत आमच्याकडे तिथे पणती लावतात.