टोलनाका, आरसा आणि मॉस्कोतला गरुड

परवा रविवारी बाबांना घेऊन लोणावळ्याला निघालो होतो. गाडी नवीन, फास्टॅग अजून काचेला चिकटवलेला नाही (माझा आळस, दुसरं काय!). मावळातला टोलनाका आला तसा बाबांनी तो आतून काचेला लावून धरला, अख्खा तळहात पसरून. दांडा हलेना. मागून हॉर्न सुरू. बाबा ओशाळले. "अरे, यात पैसे भरलेस ना तू?" मी टॅग घेतला, कडेला दोन बोटांत धरला... दांडा वर! कामशेतचा बोगदा येईपर्यंत बाबा गप्पच होते. आपलंच काहीतरी चुकलं असा चेहरा.

लोणावळ्यात चहा-भजी समोर आल्यावर मी सांगायला सुरुवात केली. पहिली गोष्ट, पैसे टॅगमध्ये नसतातच. त्यात असतो एक नंबर, पैसे त्या नंबराच्या खात्यात. दुसरी गोष्ट, त्यात बॅटरीही नसते. मग तो बोलतो कसा? तर बोलतच नाही.

समजा रात्री तुम्ही राजमाचीवर टॉर्च घेऊन उभे आहात आणि समोरच्या माणसाकडे नुसता आरसा आहे. तो आरसा तिरका-सरळ करतो, तुम्हाला आपल्याच टॉर्चचा प्रकाश लुकलुकताना दिसतो. झाला निरोप! टॅग हेच करतो. नाक्यावरचा रीडर लहरी सोडतो. टॅगचा अँटेना त्यातून काही मायक्रोवॅट ओरपतो, तेवढ्यावर चिप जागी होते आणि अँटेनाचं परावर्तन कमी-जास्त करत आपला नंबर परत पाठवते.

आणि ही आयडिया टोलसाठी निघालेलीच नाही. 1945 मध्ये मॉस्कोत सोव्हिएत मुलांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना त्यांच्या देशाची राजमुद्रा भेट दिली, लाकडात कोरलेला गरुड. आत लेव्ह थेरेमिनने बनवलेलं यंत्र. बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून रेडिओलहर मारली की खोलीतल्या आवाजाने थरथरणारा पडदा ती लहर बदलून परत पाठवायचा. सात वर्षं गरुड भिंतीवर होता! 1952 मध्ये सापडला. दरम्यान 1948 मध्ये हॅरी स्टॉकमनने परावर्तित शक्तीने संदेशवहन करण्यावर उघड पेपरच लिहिला होता. टोलचं नाव जोडलं मारिओ कार्डुलोने. 1971 मध्ये त्याने आपलं यंत्र न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीला दाखवलं, पेटंट मिळालं 1973 मध्ये.

आपल्याकडे 2005 मध्ये 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी लायसन्सविना खुला झाला. 2010 मध्ये नंदन नीलेकणी समितीने टोलसाठी हाच बिनबॅटरीचा टॅग सुचवला. माझ्या मते शहाणा निर्णय. कारण साधं, स्टिकर स्वस्त. महागडं यंत्र रस्त्यावर एकदाच बसतं, पण टॅग कोट्यवधी गाड्यांना लागतो. फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, आपल्या एक्सप्रेसवेवर 1 एप्रिल 2025 पासून.

आता बाबांच्या तळहाताकडे येऊ. या लहरीची लांबी साधारण 35 सेंटीमीटर. अँटेनाला त्याच्या निम्मी, म्हणजे सतराएक सेंटीमीटर, लांबी हवी असते. म्हणून स्टिकरमध्ये तो नागमोडी दुमडलेला असतो आणि त्याचं गणित काचेवर चिकटलेला असेल असं धरून केलेलं असतं. हात म्हणजे बहुतांशी पाणी. पाणी लहर शोषतं, शिवाय अँटेनाचा सूर बिघडवतं. आधीच मायक्रोवॅटचा दुष्काळ, त्यात हे! धातूच्या फिल्मने काचेचं तसंच होतं. जुलै 2025 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने हातात धरून दाखवलेले टॅग काळ्या यादीत टाकायचं ठरवलं, त्यामुळे माझी चूक बाबांच्या ओशाळण्यापेक्षा बरीच महाग पडू शकली असती.

"म्हणजे मी आरसा झाकला होता," बाबा म्हणाले.

"हो. आणि चिकटवायचं काम माझं होतं."

त्यांनी चहा संपवला, रुमाल काढला, गाडीची काच आतून पुसली आणि टॅग स्वतः चिकटवला. परतीच्या नाक्यावर दांडा आम्ही थांबायच्या आत वर गेला. "बघ," बाबा म्हणाले, जणू स्टॉकमन तेच.