खारीचे बांध आणि ब्रासचे माप

मिठागरांच्या भाईंदर परिसरातील खारीसारख्या गावांच्या भूभागात खाडीचे पाणी अडवण्याचे काम प्रथम मातीच्या बांधांनी केले. पुढे 1985 मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद व 2002 मध्ये महानगरपालिका झाली आणि वाढत्या वस्तीबरोबर कुंपणाच्या पक्क्या भिंती व आधारभिंती, म्हणजे मागील मातीचा भार पेलणाऱ्या भिंती, यांची गरज वाढली. अशा दगडी कामाच्या अंदाजासाठी महाराष्ट्रात ‘ब्रास’ हे माप रूढ आहे: एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर. 50 फूट लांब, 5 फूट उंच आणि दीड फूट जाड भिंतीचे घनफळ 375 घनफूट, म्हणजे पावणेचार ब्रास भरते. पाया मात्र वेगळा धरावा लागतो. आधारभिंतीवर मातीचा दाब खोलीबरोबर वाढत असल्याने ती सहसा तळाशी रुंद बांधतात, आणि म्हणून हिशेबात वरच्या व खालच्या जाडीची सरासरी घेतात. काँक्रीटचे ठोकळे आल्यावर ही मोजणी बदलली: सांध्यासह 40 बाय 20 सेंटिमीटर दर्शनी मापाचे साडेबारा ठोकळे एका चौरस मीटरला लागतात. तरीही 1956 च्या मेट्रिक कायद्यानंतर वाळू-खडीच्या व्यवहारात टिकून राहिलेला ब्रास कारागिरांच्या व्यवहारज्ञानाचा मोलाचा ऐतिहासिक पुरावा आहे.