सामुदायिक शोधाचे मेज

स्पर्शपटलाचा आरंभीचा इतिहास हा एकट्या चालकाचा इतिहास आहे. इंग्लंडातील माल्व्हर्न येथे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली वर्णिलेले पटल विमानवाहतुकीच्या नियंत्रकासाठी होते. एका पटलाभोवती अनेकांनी बसावयाचे, तर कोणता स्पर्श कोणाचा, हे कळणे अवश्य होते. २००१ साली अमेरिकेतील मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेत डिट्झ व ली यांनी हा प्रश्न सोडविला. मेजातील क्षीण विद्युत्संकेत स्पर्शकर्त्याच्या देहातून त्याच्या खुर्चीत पोहोचे व व्यक्ती ओळखली जाई.

अशाच मेजावर मॉरिस, पेप्के व विनोग्राड यांनी चित्रशोधाची ‘टीमसर्च’ ही योजना रचून २००६ साली तिचे निष्कर्ष मांडले. सर्वांची मिळून एकच पृच्छा असावी, की प्रत्येकाची स्वतंत्र? कार्यक्षमतेत दोन्ही पद्धती जवळजवळ समान ठरल्या. परंतु एकत्र पृच्छेत परस्परांच्या कार्याची जाणीव अधिक राहिली, पृच्छा रचण्याचे कौशल्य सोबत्यांकडून उचलता आले, आणि पसंतीही तिलाच मिळाली.

शोधसाधनांचे मूल्यमापन बहुधा वेग व फलित यांवरूनच केले जाते. ते अपुरे आहे, हेच या प्रकरणाचे सार होय. केवळ वेग मोजला असता, तर या दोन पद्धतींतील भेद दिसलाच नसता.