रंगभवनातला कौल आणि मराठी समीक्षेचे दप्तर

पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती महामार्गाचा जेथे आरंभ होतो त्या कळंबोलीत, एकीकडे स्टील मार्केटात पोलादी पत्र्याच्या कॉइल उतरविणारे ट्रेलर आणि दुसरीकडे सिडकोने वसविलेल्या वसाहती असा देखावा असताना, पाठीवर गिटार अडकवून पुण्याच्या गाडीची वाट पाहणारा तरुण आज कोणास नवलाचा वाटत नाही. परंतु तो मुंबईच्या रॉक संगीताच्या ज्या परंपरेचा वारस आहे तिचा पूर्ववृत्तांत मराठी वाचकास फारसा परिचित नाही.

मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद स्थापन झाला, तेव्हा शहरातील बहुतेक रॉक वाद्यवृंद विलायती गाणी हुबेहूब वाजविण्यातच धन्यता मानीत आणि श्रोतेही तेवढीच अपेक्षा बाळगीत. अशा काळात उदय बेनेगल यांचे गायन आणि महेश तिनईकर यांची गिटार ज्यात होती त्या या मंडळींनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम १९८८ मध्ये आणि ‘द सेकंड कमिंग’ हा १९९० मध्ये प्रसिद्ध केला, ही गोष्ट सामान्य नव्हे. पुढे १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले आणि त्याच नावाचा अल्बम १९९५ मध्ये काढला; त्यातील ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस त्याच वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला.

या संगीताचे परीक्षण मात्र कोणी केले? खरा न्यायनिवाडा होई तो मुंबईतील धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या रंगमंदिरात, जेथे १९८६ पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ उत्सवाचा श्रोता पसंती आणि नापसंती दोन्ही तत्काळ आणि मोठ्याने जाहीर करी. लेखी समीक्षेसाठी १९९३ मध्ये अलाहाबादेहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक निघावे लागले. ज्या मराठीत केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांच्या गुणदोषांचे निर्भीड विवेचन करून संगीतसमीक्षेचा वस्तुपाठ घालून दिला, त्या मराठीने मुंबईतच निर्माण होणाऱ्या या संगीताची दखल आपल्या दप्तरात क्वचितच घेतली. गीतांची भाषा इंग्रजी, म्हणून ते परके, असा सोयीचा समज यामागे असावा; पण केवळ भाषेवरून संगीताचे मूल्य ठरविणे हा समीक्षेचा धर्म नव्हे.

इस्पितळाच्या सान्निध्यामुळे शांतता क्षेत्राचे निर्बंध लागू होऊन रंगभवनातील मैफली बंद पडल्या आणि तो श्रोत्यांचा दरबारही बरखास्त झाला. पुण्यात २०१० मध्ये ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाल्यावर मुंबईचा रसिक घाट चढू लागला. १९९७ च्या सुमारास विसर्जित झालेला ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याने ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम सादर केला. श्रोत्यांनी मार्ग बदलला, कलावंतांनी नाव आणि शैली दोन्ही बदलली. मराठी समीक्षा तेवढी जागची हलली नाही.

पुरस्कार आणि टाळ्या यांनी कीर्तीची नोंद होते, गुणांची चिकित्सा होत नाही. ती जाणत्या लेखणीनेच करावी लागते. मराठी नियतकालिकांच्या संपादकांना म्हणून आग्रहाची विनंती की, पुढचा असा अल्बम निघेल तेव्हा त्याची केवळ बातमी न छापता, तो साक्षेपाने ऐकून त्याचे सविस्तर परीक्षण छापावे.