पेट्रोलमधील गंधक : इल्फर्ड आणि महाराष्ट्र, एकाच मर्यादेपर्यंतचा प्रवास

पेट्रोलमधील गंधकाची कमाल कायदेशीर मर्यादा आज ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांत सारखीच आहे : प्रतिकिलो १० मिलिग्रॅम. इल्फर्डच्या पंपावरील पेट्रोलला जो निकष लागू आहे, तोच कणकवलीच्या पंपालाही आहे. मात्र या समानतेपर्यंत पोहोचण्यास भारताला अकरा वर्षे अधिक लागली.

गंधक का काढतात?

कच्च्या तेलात गंधकाची संयुगे निसर्गतःच असतात. इंजिनात ती जळून सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे धातू एक्झॉस्टमधील विषारी वायूंचे रूपांतर करतात. गंधकाची संयुगे नेमकी या धातूंच्या पृष्ठभागावर ठाण मांडतात आणि कन्व्हर्टरची क्षमता घटते. म्हणूनच गाडीच्या आधी इंधन सुधारावे लागते. रिफायनरीत हायड्रोजनच्या प्रक्रियेने गंधक वेगळे केले जाते.

ब्रिटन

युरोपीय निर्देशानुसार २००० साली गंधकाची मर्यादा १५०, २००५ साली ५० आणि २००९ साली १० मिलिग्रॅम झाली. इंधनात मिसळायच्या द्रव्यांवरही बंधने आली. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० च्या आरंभी थांबली. ऑक्टेन वाढविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मँगनीजच्या संयुगावर २०१४ पासून प्रतिलिटर २ मिलिग्रॅम मँगनीज एवढी मर्यादा आहे. महागड्या 'प्रीमियम' पेट्रोललाही गंधकाची तीच अट लागू असते.

भारत

शिसेमुक्त पेट्रोल भारतातही २००० सालीच सर्वत्र आले. गंधकाबाबत मात्र वाट लांबची ठरली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये अहवाल दिला. त्यावर २००३ चे वाहन इंधन धोरण आधारले. त्याने टप्पे आखून दिले, पण शहरे पुढे आणि उर्वरित देश मागे अशी विभागणीही केली. २०१० मध्ये मुंबई, पुणे व सोलापूरला ५० मिलिग्रॅमचे पेट्रोल मिळू लागले; उर्वरित बहुतांश महाराष्ट्रात मर्यादा १५० होती. मुंबईची नवी गाडी कोकणात गेली की तिच्या टाकीत तिप्पट गंधकाची मुभा असलेले पेट्रोल पडे. ही दुफळी १ एप्रिल २०१७ रोजी संपली. पुढे पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६, म्हणजे १० मिलिग्रॅमची मर्यादा, लागू झाली.

इंधनानंतर गाडी

शुद्ध इंधनाने जुनी गाडी नवी होत नाही. नॉर्थ सर्क्युलरच्या पूर्वेकडील इल्फर्ड २९ ऑगस्ट २०२३ रोजी लंडनच्या युलेझ क्षेत्रात आले. तेथे पेट्रोल गाडीला युरो-४ आणि डिझेल गाडीला युरो-६ हा निकष आहे. पेट्रोल सर्वांना सारखेच मिळते. शुल्क द्यावे लागेल की नाही, हे गाडीचे इंजिन व कन्व्हर्टर कोणत्या पिढीचे आहेत यावर ठरते. महाराष्ट्रातील रस्त्यांवरही आता उरलेला प्रश्न पंपाचा कमी आणि जुन्या वाहनांचा अधिक आहे.