बरकत, दोन, तीन

जुन्या बाजारात धान्य मोजणारा 'एक' म्हणत नसे. पहिले माप ओतताना तो 'बरकत' म्हणे आणि मग दोन, तीन, चार. 'हिंदी शब्दसागर' या मोठ्या कोशात 'बरकत' या शब्दाचा एक अर्थ चक्क 'एक ही संख्या' असा दिला आहे, तो या रिवाजामुळेच. मराठी मुलखात खळ्यावर पहिल्या मापाला 'लाभ' म्हणत. शब्द वेगळे, पण रीत तीच: मोजणीची पहिली जागा आकड्यासाठी नाही, मागण्यासाठी. बरकत म्हणजे नुसती वाढ नव्हे. आहे ते पुरावे, चार माणसे अवचित आली तरी ताटात कमी पडू नये, असे काहीसे त्या अरबी शब्दात आहे.

मी जबलपूरच्या मराठी घरात वाढले. बडा फुहारा हा आमचा बाजार. कापड, बांगड्या, भांडी, पलीकडे सराफा, थोड्या अंतरावर कमानिया गेट, आणि खव्याची जिलेबी. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि बाजारात उर्दूकडे झुकणारी हिंदी. या तिन्ही भाषांत माणसे एकमेकांसाठी काहीतरी मागत असतात, हे मला फार उशिरा ऐकू येऊ लागले. सकाळची पहिली विक्री झाली की दुकानदार नोट कपाळाला लावतो. हिंदीत ती बोहनी, आणि मराठीत तिला 'भवानी' असेही म्हणतात. शेजारचा मुसलमान दुकानदार शटर वर ढकलताना 'बिस्मिल्लाह' म्हणतो. गुरुवारी संध्याकाळी लोबानचा धूर घेऊन फकीर दुकानादुकानांतून फिरतो, दोन शब्द पुटपुटतो आणि नाणे घेऊन पुढे जातो. दुकान कोणाचे आहे हे तो विचारत नाही.

दुआ आणि नमाज यांत फरक आहे, तो आधी सांगायला हवा. नमाजाला वेळ आहे, दिशा आहे, ठरलेले शब्द आणि हालचाली आहेत. दुआ म्हणजे मागणे. ती कोणत्याही वेळी, कोणत्याही भाषेत करता येते. नमाजानंतर तळहात वर उचलून करतात तीही दुआ, आणि पाण्याचा पेला तोंडाला लावण्यापूर्वी मनात म्हटलेले दोन शब्द हेही तेच. चपलेचा बंद तुटला तरी तोही ईश्वराकडेच मागावा, अशी शिकवण हदीसच्या परंपरेत आहे. मागण्याला कोणतीही गोष्ट क्षुल्लक नाही, असा तिचा अर्थ.

दिवसाची आखणीच या छोट्या मागण्यांनी केलेली दिसते. झोपेतून उठताना, कपडे घालताना, उंबरठा ओलांडताना, जेवणाच्या आधी आणि नंतर, आरशात पाहताना, पाऊस पडू लागला की, वाहनावर बसताना. शिंक आली तर शिंकणारा 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो, ऐकणारा 'ईश्वर तुझ्यावर दया करो' अशा अर्थाचे उत्तर देतो, आणि त्यावर शिंकणाऱ्याने पुन्हा ऐकणाऱ्यासाठी मागायचे असते. एका शिंकेत तीन वाक्यांची देवाणघेवाण. आमच्याकडे लेकराला शिंक आली की आजी 'शतायुषी हो' म्हणे, पण तिथे उत्तर देण्याची सोय नव्हती.

या मागण्यांचे संग्रह फार जुने आहेत. बुखारींच्या हदीससंग्रहात दुआंचे स्वतंत्र प्रकरण आहे. दमास्कसजवळच्या नवा गावचे इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी 'अल-अज़कार' या ग्रंथात माणसाच्या दिवसाचा आणि आयुष्याचा प्रसंगवार माग घेतला. इब्नुल जज़री (मृत्यू १४२९) यांच्या संग्रहाचे नाव 'अल-हिस्नुल हसीन', म्हणजे भक्कम किल्ला. हिंदुस्तानातही तो 'हिस्ने हसीन' या नावाने घरोघर पोहोचला. किल्ल्यांच्या मुलखातल्या मराठी वाचकाला ही उपमा समजावून सांगायची गरज नाही. इथे किल्ला दगडांचा नाही, रोजच्या वाक्यांचा आहे.

त्यात बाजाराचीही एक दुआ आहे. बाजारात पाऊल टाकताना म्हणायची. तिच्यात गिऱ्हाईक मागितलेले नाही, नफा मागितलेला नाही. राज्य त्याचे, स्तुती त्याची, जीवन-मरण त्याच्या हाती, एवढेच तिचे सांगणे. ज्या जागी सगळे आपापल्या मालकीचे बोलतात, त्या जागी शिरताना खरा मालक कोण याची आठवण. तिर्मिज़ींच्या संग्रहात ती येते. तिची परंपरा कितपत पक्की यावर विद्वानांत वाद आहे, पण तिचे पुण्य अमाप सांगितले आहे. बाजार ही विसरायला लावणारी जागा, म्हणून तिथल्या आठवणीचे मोल जास्त, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. फुहाऱ्यावरच्या दिवाळीच्या गर्दीत ते पटते.

आता इथे मराठीचा काय संबंध, असे कोणी विचारील. मराठी माणूस या शहरात आला तोच मुळी अशा मागण्यांनी भरलेली लेखणी घेऊन. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपवले. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि कचेऱ्या, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येतच राहिली. पण त्याआधीच्या मराठी कारकुनाची भाषा पाहा. सतराव्या शतकातल्या कागदांत, शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या पत्रांतसुद्धा, नावानंतर दोन शब्द येतात: 'दाम दौलतहू'. आपण ते वाचतो आणि पुढे जातो, जणू तो हुद्दा आहे. ती दुआ आहे. 'त्याचे ऐश्वर्य टिकून राहो.'

अरबीत अशा मागणीची एक गंमत आहे. 'दाम' हे क्रियापद व्याकरणाने भूतकाळी आहे: टिकले. पण अर्थ मात्र 'टिको' असा घ्यायचा. मृतांच्या नावापुढे 'रहिमहुल्लाह' येते, तिथेही तेच: शब्दशः 'ईश्वराने त्याच्यावर दया केली', अर्थ 'दया करो'. मागणाऱ्याने ते जणू झालेच आहे असे बोलायचे. मोडी लिहिणाऱ्या ब्राह्मण कारकुनाला हे व्याकरण माहीत असेल वा नसेल, त्याच्या बोरूतून ही दुआ दिवसातून अनेकदा उतरत होती.

पुढे चित्र बदलले. राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राजव्यवहारकोश' तयार झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. राजवाड्यांनी निवडक पत्रांतल्या शब्दांची मोजणी केली होती: १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४.४, १६७७ च्या पत्रात ६२.७ आणि १७२८ च्या पत्रात ९३.७. शंभर वर्षांत भाषेने कूस बदलली. 'दाम दौलतहू' गेले आणि 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' आले. पण दोन्ही समोरासमोर ठेवून पाहावे. लक्ष्मी अखंड राहो, दौलत टिको. शब्द हद्दपार झाला, मागणे जागच्या जागी राहिले.

मागणे झिजते, हेही खरे. आजच्या लग्नपत्रिकेवरचे 'चि.' म्हणजे 'चिरंजीव', दीर्घायुषी हो. आज तो 'मुलगा' या अर्थाचा नुसता शिक्का आहे; 'त्यांचे चिरंजीव पुण्यात नोकरीला आहेत' असे म्हणताना कोणी कोणाला आयुष्य देत नाही. दाम दौलतहूचेही तेच झाले होते. आशीर्वाद रोज वापरला की उपाधी होतो, आणि मग तो काढून दुसरा ठेवणे सोपे जाते.

बोलीने मात्र जे ठेवले ते कोणी काढले नाही. आरंभाला मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्ही प्रार्थना आहेत. 'श्रीगणेशा' उघड आहे. 'ओनामा' हा 'ॐ नमः सिद्धम्' या जुन्या पाठाचा अवशेष, त्याचे नाते जैन परंपरेशी सांगतात. आणि तिसरा 'बिसमिल्ला'. 'शाबास' म्हणजे 'शाद बाश', आनंदात राहा. 'जिंदाबाद' म्हणजे जिवंत राहो. गणित बरोबर आले म्हणून पाठीवर थाप मारणारे मास्तर फारसीत आशीर्वाद देत होते. 'खैर' म्हणजे कल्याण, भले. पण मराठीत हा शब्द जास्त करून 'आता तुझी खैर नाही' या वाक्यात भेटतो. भले व्हावे म्हणून घेतलेला शब्द आपण धमकीसाठी राखून ठेवला, यावर भाषेच्या अभ्यासकांपेक्षा बोलणाऱ्यांनीच विचार करावा.

'दुवा' हा शब्दही मराठीत घरचा आहे. म्हातारीला रस्ता ओलांडून दिला की ती दुवा देते. मराठीत 'दुवा' म्हणजे साखळीची कडीसुद्धा. हे दोन शब्द एका मुळाचे नाहीत, पण कोशात शेजारी बसले आहेत.

माधव जूलियन यांची या बाबतीतली गोष्ट विसरता येत नाही. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी. १९२५ साली त्यांनी 'फारशी-मराठी कोश' सिद्ध केला. मराठीत मिसळून गेलेल्या परक्या शब्दांची मुळे ज्याने इतक्या मायेने शोधली, तोच माणूस पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि १९३८ मध्ये त्याने 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. मला यात विसंगतीपेक्षा त्या काळाची ओढ दिसते. शब्दाचे मूळ कळले की त्याला घरी पाठवावेसे वाटणे, हा मोह विद्वानालाही होतो.

शुद्धीचा आग्रह एकाच बाजूला नाही. लोबान फिरवणारा फकीर सुधारणावादी मौलवींना मान्य नाही. दुआ थेट ईश्वराकडे करावी, धुराची आणि मध्यस्थाची गरज काय, असे ते विचारतात. गेल्या काही दशकांत उपखंडात निरोपाचे 'खुदा हाफिज़' मागे पडून 'अल्लाह हाफिज़' पुढे आले, कारण 'खुदा' हा फारसी शब्द आहे, अरबी नव्हे. एकाला 'दुवा' फार परका वाटतो, दुसऱ्याला 'खुदा' पुरेसा आपला वाटत नाही. दोघांच्या कात्रीत सापडतो तो बाजारातला तोच जुना मधला पट्टा.

इथे एक भेद मान्य केला पाहिजे. 'शाबास' म्हणणारा मराठी मास्तर प्रार्थना करत नसतो. 'बिस्मिल्लाह' म्हणून शटर उचलणारा माणूस मात्र कोणाशी तरी बोलत असतो, आणि समोरचा ऐकतो अशी त्याची श्रद्धा असते. दोन्ही एकच आहेत असे म्हणून त्याची श्रद्धा संस्कृतीच्या खात्यात जमा करणे हा अप्रामाणिकपणा होईल. मी म्हणते ते एवढेच: त्याचे बोलणे वर जाते, पण जाता जाता शेजाऱ्याच्या कानावर पडते. शतकानुशतके कानावर पडून पडून शेजाऱ्याच्या भाषेत जे उरले, ते वरचे शब्द.

आणि कानावर पडायला शेजार लागतो. फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपुरात दंगल पेटली आणि सागर, दमोह, नरसिंहपूरपर्यंत पसरली. स्वतंत्र भारताला तिने हादरवले. त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषदेची कल्पना पुढे आली, त्यामागे जबलपूर होते. दंगलीचा हिशेब मृतांत आणि जळालेल्या दुकानांत होतो, आणि तसाच व्हायला हवा. पण त्यानंतर माणसे वस्त्या बदलतात, आपापल्या माणसांत राहायला जातात. मग शिंकेला उत्तर देणारा भिंतीपलीकडे राहत नाही. आजीने नातवाला 'शतायुषी हो' म्हटलेले शेजारणीला ऐकू जात नाही, आणि शेजारणीने सुनेसाठी मागितलेले आजीला. त्या नुकसानाची नोंद कोणत्याही आयोगाच्या अहवालात होत नाही.

अशा वेळी उरतो तो बाजार. राहायला वेगळे गेलेले लोक खरेदीला एकाच ठिकाणी येतात. फुहाऱ्यावर आजही मराठी सासू मुलीच्या चुड्यासाठी घासाघीस करते. बांगडीवाला मुसलमान असला तर हात दाबून, वळवून एकेक बांगडी चढवताना तो 'माशाल्ला' म्हणतो, बांगडी फुटू नये म्हणून आणि हाताला दृष्ट लागू नये म्हणूनही. सासूला त्याचा अर्थ विचारला तर सांगता येणार नाही, पण तो शब्द ऐकल्याशिवाय ती पैसेही काढत नाही. पैसे हातात पडले की तो म्हणतो, 'अल्लाह बरकत दे'. ती म्हणते, 'तुम्हालाही'.