धुळाक्षरांपासून पडद्यापर्यंत

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी, सकाळची मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षिका आम्हांला भेटावयास आल्या. कल्याण पूर्वेस एका मराठी शाळेत त्या दुसरीच्या वर्गाला शिकवितात. शाळेला कोणा दात्याकडून भिंतीवर लावावयाचा मोठा पडदा आणि त्याला जोडावयाचे यंत्र मिळणार होते. ते कोणकोणत्या पाठांसाठी वापरता येईल, याची यादी करण्याचे काम मुख्याध्यापकांनी या बाईंवर सोपविले होते. बाईंनी सुट्टीत खपून अक्षरओळखीचे खेळ, पाढ्यांची गाणी, गोष्टींच्या चित्रफिती अशी बरीच सामग्री पाहून ठेवली होती. तरीही त्यांचे मन साशंक होते. त्या म्हणाल्या, "फादर, यंत्र चांगलेच आहे. पण दोन वर्षांनी ते बंद पडले तर माझ्या वर्गात काय उरेल, हे मला कोणी सांगत नाही."

आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही. या बाबतीत आमच्या स्वतःच्या पदरी एक चूक जमा आहे. ती पुढे सांगूच. तूर्त एवढेच ठरविले, की बाईंचा प्रश्न इतिहासाला विचारून पाहावा. वर्गात नवे साधन येणे ही काही आजची गोष्ट नाही, आणि आपल्या या ठाणे परिसराला तर नव्या यंत्रांचे अप्रूप फार जुने आहे. १८५३ साली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली.

आरंभ धुळीपासून करावा लागेल. 'धुळाक्षरे गिरवणे' असे आपण आजही म्हणतो. परंतु त्या शब्दांत जुन्या पंतोजींच्या शाळेचे साधन दडलेले आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. फळीवर धूळ पसरावी, बोटाने अक्षर काढावे, चुकले तर हाताने पुसावे. खर्च काही नाही आणि मोडण्याची भीती नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथालयाचे काम पाहणारे स्कॉटिश धर्मोपदेशक अँड्र्यू बेल यांनी अशीच एक देशी शाळा पाहिली. तेथील मुले वाळूत अक्षरे काढीत होती. बेल यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे अशी तिला जोड दिली, आणि १७९७ साली तो सारा प्रयोग इंग्लंडात पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुढे तिकडील हजारो गरीब मुले 'मद्रास पद्धती'ने शिकली. परदेशात जी गोष्ट गेली ती धूळ नव्हे. धाकट्याचा हात धरून अक्षर गिरवून घेणारा थोरला मुलगा गेला. साधनामागे माणूस असावा लागतो, हा या इतिहासाचा पहिला धडा.

साधनाची दुसरी अडचण भाषेची. आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण ठाऊक आहे. १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे ते छापले गेले; भाषा मराठी, पण लिपी रोमन, कारण आपल्या अक्षरांचे खिळे त्या छापखान्यात नव्हते. यंत्र आले, पण आपली अक्षरे घेऊन आले नाही. जवळजवळ चार शतकांनी संगणकाच्या बाबतीत तोच अनुभव आपल्या शिक्षकांना आला. निरनिराळ्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर एका संगणकावर वाचता येई. दुसऱ्यावर मात्र त्याची निरर्थक चिन्हे होत. एका गुरुजींनी रात्र जागून केलेली प्रश्नपत्रिका शेजारच्या शाळेच्या उपयोगी पडत नसे. १९९१ पासून युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला स्थान मिळाले. मात्र तिचा वापर शाळाशाळांत रुळावयास पुढे बरीच वर्षे गेली. आज मोबाइलवर मराठीतून धडा पाठविणे सोपे वाटते, त्यामागे ही प्रतीक्षा आहे.

आता आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील एका थोर प्रयोगाकडे वळू. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. मुलांनी हाताळून शिकावे यासाठी त्यांनी लाकडी ठोकळे, मणी, खरखरीत कागदाची अक्षरे अशी साधने सिद्ध केली. पद्धत उत्तम, परंतु ती साधने महाग, आणि आपल्याकडील खेड्यांना न परवडणारी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला या पद्धतीला देशी रूप देण्यास आरंभ केला. पुढे ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ पासून ती नव्या पालघर जिल्ह्यात मोडतात.

तेथे साधने कोणती होती? शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या. मोजणी शिकवावयाची तर बिया मोजाव्यात, आकार शिकवावयाचे तर पाने जुळवावीत. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मास आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने या कामाची नोंद घेतली. आम्हांला विशेष वाटते ते असे, की या दोघींनी परदेशी कल्पना नाकारली नाही आणि परदेशी सामान आहे तसे उचललेही नाही. शिंपला हरवला तर बाईंनी समुद्रावरून दुसरा आणावा, इतके साधन त्यांनी शिक्षिकेच्या हाताजवळ ठेवले.

यानंतर पडद्याचे युग आले. १९७५-७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. परंतु त्या अनुभवातून पुढे राज्याराज्यांत शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करणाऱ्या संस्था निघाल्या. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे कार्यक्रम ज्यांच्या लहानपणी दूरदर्शनवर लागत, असे कित्येक पालक आज आपल्या धर्मग्रामांत आहेत, आणि त्या नावासरशी त्यांचा चेहरा उजळतो. परंतु २०१७ साली ही संस्था बंद झाली. कार्यक्रम चांगले होते. मात्र ते पुण्यात तयार होत आणि ठरल्या वेळी प्रसारित होत. वर्गातील बाईंना 'थांबा, हे पुन्हा दाखवा' असे म्हणण्याची सोय नव्हती. आम्ही तरुणपणी पाहिलेल्या एका शाळेत तर दूरचित्रवाणी संच कपाटात कुलूपबंद असे. बिघडला तर जाब कोण देणार, या धास्तीने गुरुजी तो बाहेर काढीत नसत.

२००७ साली कल्याण-कर्जत लोहमार्गाच्या पलीकडच्या टोकाकडे, कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा वस्तीत, आणखी एक प्रयोग झाला. अमेरिकेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी चळवळ निघाली होती. शंभर डॉलरांत मुलांचा संगणक देण्याचा तिचा संकल्प होता. खैराटच्या एकशिक्षकी शाळेत तिचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. मुलांनी ते हां हां म्हणता आत्मसात केले. तरीही भारतात ही योजना फोफावली नाही. केंद्रीय शिक्षण खात्याने तर २००६ सालीच तिला नकार कळविला होता. हजारो शाळांत यंत्रे पोहोचविणे एक, आणि ती चालू ठेवणे दुसरे.

मग चालू राहिले ते काय? शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेचे उदाहरण बोलके आहे. २०१० नंतरच्या वर्षांत तेथील तरुण शिक्षकांनी लॅपटॉप, प्रक्षेपक आणि स्वल्प खर्चात जमविलेला स्पर्शफलक यांच्या साहाय्याने वर्ग उभा केला, आणि गावकऱ्यांनी त्यासाठी वर्गणी दिली. राज्यातील शिक्षक ती शाळा पाहावयास येऊ लागले आणि 'डिजिटल शाळा' हा शब्द गावोगाव पोहोचला. जून २०१५ मध्ये राज्य शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केल्यावर या लाटेस आणखी बळ आले. लोकवर्गणीचे मोल पैशांपुरते नसते. ज्या फलकासाठी बापाने आपल्या मजुरीतून पैसे दिले, तो फलक बंद पडला तर बाप शाळेत विचारावयास येतो.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोडची लहानशी चौकोनी खूण छापण्याची युक्ती काढली. मोबाइल त्या खुणेसमोर धरला की धड्याशी निगडित चित्रफीत वा कविता उघडते. पुढे शासनाच्या पाठ्यपुस्तकांतही अशा खुणा आल्या आणि २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय व्यासपीठाशी त्या जोडल्या गेल्या. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या युक्तीतील शहाणपण असे, की मोबाइल नसला तरी पुस्तक पुस्तकच राहते. त्या खुणेवाचून मुलाचा धडा अडत नाही.

आता आमची चूक. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून वर्ग मोबाइलवर भरू लागले. त्या वेळी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथील कुटुंबांनी सढळ हाताने मोबाइल आणि टॅबलेट जमविले. जातधर्म न पाहता गरजू मुलांना ते वाटले, त्याचे छायाचित्र काढले, आणि आपले कर्तव्य झाले असे मानून आम्ही निश्चिंत झालो. काही महिन्यांनी घरोघरी गेलो तेव्हा चित्र निराळे दिसले. एका घरी टॅबलेट होता, पण रिचार्जला पैसे नव्हते. दुसऱ्या घरी तो फुटेल या भीतीने आईने पेटीत ठेवला होता. तिसऱ्या घरी मोबाइल बाप कामावर घेऊन जाई. धडा सकाळी दहाला येई आणि मोबाइल रात्री नऊला घरी येई. आम्ही वस्तू दिली होती. तिच्यापाठोपाठ द्यावयाचे होते ते आम्हांला सुचलेच नव्हते.

राज्य पातळीवरही हीच अडचण जाणवली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली. ज्या घरी इंटरनेट नाही त्या घरी निदान दूरचित्रवाणी असेल, हा त्यामागचा विचार. म्हणजे बालचित्रवाणी बंद झाल्यानंतर तीनच वर्षांनी तिच्या वाटेने पुन्हा जावे लागले.

आणि लेखाच्या आरंभी भेटलेल्या बाई त्या काळात काय करीत होत्या? त्यांनी धडा रात्री साडेनवानंतर पाठविण्यास प्रारंभ केला. एवढ्यावर न थांबता रोज दोन-तीन मुलांना त्या साधा फोन करीत. मुलाने पुस्तकातील एक परिच्छेद मोठ्याने वाचावा, बाईंनी ऐकावा, अडेल तेथे सांगावे. ना चित्रफीत, ना इंटरनेट. वर्ग पुन्हा भरला तेव्हा आपल्या मुलांपैकी कोण कोठे अडते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. हे त्यांनी आम्हांला अगदी सहज, बोलण्याच्या ओघात सांगितले. त्यात काही विशेष आहे असे त्यांना वाटलेच नव्हते.

आम्ही मग त्यांना म्हणालो, "बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊन बसला आहात. पडदा बंद पडला तर वर्गात काय उरेल? तुम्ही आणि तुमचे ऐकणे उरेल. पण त्यासाठी पडदा नको म्हणावयाचे कारण नाही."

युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात हाच मुद्दा मांडला आहे : शिक्षणातील तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर चालावयाचे? धुळीपासून पडद्यापर्यंतचा मागोवा घेतल्यावर आमचे उत्तर असे, की ते वर्गातील शिक्षकाच्या अटींवर चालावे. ज्या साधनावर बाईंचा हात बसला ते टिकले. ज्याची बाईंना भीती वाटली ते कपाटात गेले.

पंधरा दिवसांनी बाई ती यादी घेऊन पुन्हा आल्या. प्रत्येक पाठापुढे त्यांनी एक नवा रकाना आखला होता : 'वीज नसल्यास'. पाढ्यांच्या गाण्यापुढे लिहिले होते, चिंचोके. अक्षरांच्या खेळापुढे, पाटी. गोष्टीच्या चित्रफितीपुढे, 'मी सांगेन'. दात्यांना द्यावयाच्या पत्रात त्यांनी मुख्याध्यापकांच्या संमतीने एक वाक्यही घातले होते, की पडद्याबरोबर तीन वर्षांच्या दुरुस्तीची तरतूद व्हावी.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे आईवडिलांच्या स्मरणार्थ किंवा मुलांच्या वाढदिवसानिमित्त शाळांना भेटवस्तू देतात. ती प्रथा चांगली आहे. ती चालू राहावी. फक्त देण्यापूर्वी एकदा वर्गात जावे आणि तेथील बाईंना त्यांची यादी विचारावी. आम्ही त्या वर्षी विचारली नव्हती.